काळ्या गाईचं गाणं

आमच्या शेजारणीचा घसा बसला, ही तशी छोटी बातमी होती. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, त्यात आमच्या अर्ध्या अप्पर हट गावाचा घसा बसलेला असतो. मी मदतीला धावून गेलो नसतो, तर ती छोटीच राहिली असती.

शेजारीण म्हणजे मोराग. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, घरात ती आणि एक जाडजूड बोका. तिचे आई-वडील स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरून बोटीने न्यूझीलंडला आले आणि पार दक्षिणेला, साउथलंडमध्ये गाई पाळून राहिले. घरात बोलायचे गेलिक, म्हणजे त्या बेटांवरची जुनी भाषा. मोराग आजही रोज गेलिक बोलते. पण बोक्याशी.

"तो उत्तर देत नाही," ती म्हणते, "पण निदान इंग्रजीत तरी देत नाही!"

(हे ती आमच्या मैत्रेयीकडे बघून म्हणते. आमची कन्या अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर सगळं इंग्रजीत येतं.)

दर हिवाळ्यात मोराग आणि तिच्यासारखी सहा-सात गेलिक बोलणारी मंडळी एक हॉल घेऊन गाण्या-नाचाचा कार्यक्रम करतात. त्याला म्हणतात 'केली'. मुलं, नातवंडं, शेजारपाजार, सगळ्यांना आमंत्रण. वेळ दुपारी दोनची, कारण म्हाताऱ्यांना अंधारात गाडी चालवायची नसते. त्यात मोराग दर वर्षी तिच्या आईचं एक गाणं म्हणते. आणि कार्यक्रम दोन आठवड्यांवर आलेला असताना तिचा आवाज गेला.

"या वर्षी माझा भाऊ येतोय," फेन्सपलीकडून ती कुजबुजली. (बोलणं अर्थात इंग्रजीत. मी इथे मराठीत सांगतोय.) "कॅलम. शहाऐंशी वर्षांचा आहे. पहिल्यांदाच येतोय. शाळेत पोरं भाषेवरून चिडवायची, म्हणून त्याने आठव्या-नवव्या वर्षी गेलिक बोलणं सोडलं ते सोडलंच. आई गेलिकमध्ये हाक मारायची, हा इंग्रजीत ओ द्यायचा. ती जाईपर्यंत! मला वाटलं होतं, आईचं गाणं ऐकून तरी त्याचं तोंड उघडेल. आता कोण म्हणणार?"

आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज दिसणारं दृश्य तिने सांगितलं होतं. माझं काळीज हललं. आणि माझं काळीज हललं की तोंड आपोआप उघडतं.

"मी म्हणतो!"

फेन्सपलीकडून मोरागने आणि फेन्सअलीकडून माझ्या बायकोने, सुजाताने, एकदमच विचारलं, "तू?" एकीचा घसा बसलेला होता, दुसरीचा नव्हता.

आता माझी पात्रता सांगतो. नागपूरला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी गायनात बक्षीस मिळवलेलं आहे. उत्तेजनार्थ. (स्पर्धक तीन होते.) त्यानंतर शिकायला इथे आलो, ट्रॅफिक सिग्नलचा इंजिनियर झालो, आणि महाराष्ट्र एका गायकाला मुकला, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

मोरागने गाण्याचा कागद दिला. गेलिकचं स्पेलिंग हा वेगळाच कारभार आहे. एका शब्दात नऊ अक्षरं, त्यातली बोलायची चार.

"मग उरलेली पाच काय करतात?"

"सोबतीला असतात," मोराग कुजबुजली.

पण मी काय घाबरतो! आपल्याकडे देवनागरी आहे. जसं ऐकलं तसं लिहा, जसं लिहिलं तसं म्हणा. मी वही उघडली आणि मोराग एकेक शब्द सांगेल तसा उतरवून घेतला. पहिल्याच दिवशी मी तिचे आभार गेलिकमध्ये मानले. 'आभारी आहे'ला त्या भाषेत म्हणतात 'ताप लीव'.

"म्हणजे आजारपणाची रजा?" आईने विचारलं.

आई तेव्हा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली होती. विहारातल्या बायकांच्या गाण्याच्या मंडळात ती चाळीस वर्षं गाते. तिथे कोणी सूर सोडला, तर आई खंजिरीचा एक ठोका त्या बाईच्या दंडावर देते. (मला तिने मंडळाच्या जवळपास कधी फिरकू दिलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.)

मोरागकडे तिच्या आईच्या आवाजातली एक जुनी कॅसेट होती. दोनच कडवी, खरखर फार. तीही ऐकवली. आई डोळे मिटून ऐकत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "धार काढून राहिली ना रे ही बाई?"

मी भाषांतर केलं. मोराग थक्क! ते खरंच गाईचं दूध काढतानाचं गाणं होतं.

"हिला कसं कळलं?"

"मध्ये मध्ये थांबते ना ती," आई म्हणाली. "बादली सरकवून राहिली पायानं. माझी माय म्हशीखाली बसली की असंच गायची."

मोरागने आईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी मात्र लगेच अर्थाकडे वळलो, कारण अर्थ कळल्याशिवाय भाव कसा येणार? अर्थ असा: 'अगं काळ्या गाई, इथे उभी राहा, लाथ मारू नकोस, माझ्यावर रुसू नकोस. अगं काळ्या गाई, पान्हा सोड, दूध दे.' साधं, गोड. अडचण एकच निघाली. 'अगं काळ्या गाई' याला गेलिकमध्ये म्हणतात 'अ वो घू'.

मी ते पहिल्यांदा खड्या आवाजात म्हटलं, तेव्हा मैत्रेयी सोफ्यावरून घरंगळली. अकरा वर्षांच्या मुलीला मराठी बोलता येत नसलं, तरी ठरावीक शब्द बरोबर ऐकू येतात.

"मायबाई!" आई म्हणाली. "हे काय म्हणून राहिला तू? साठ माणसांपुढे?"

"आई, 'घू' आहे ते. घ! घराचा घ!"

"घराचा असो की दाराचा. माझ्यासमोर नाही म्हणायचं. आणि वहीत तर लिहूच नको. पोरगी वाचते."

वय पंचेचाळीस झालं तरी आई समोर असेपर्यंत आपण चौथीतच असतो. मी मुकाट्याने तो शब्द खोडला आणि जुन्या मराठी पुस्तकांत शिव्या छापायचे तसं 'अ वो' लिहून पुढे तीन टिंबं दिली. पाठ तर आहेच, म्हटलं. काय फरक पडतो?

पुढचे दहा दिवस मी वेलिंग्टनच्या ट्रेनमध्ये सराव केला. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. तिसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारची सीट रिकामी राहू लागली. पाचव्या दिवशी पुढची आणि मागचीही. न्यूझीलंडचे लोक कलावंताला किती मोकळी जागा देतात, हे बघून मी भारावलो.

शनिवार उजाडला. मी दाढी करत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुजाताची हाक आली. तिच्या आवाजावरून वाटलं, पाइप फुटला. जाऊन बघतो तर ओट्यावर केळ्यांच्या सालींचा डोंगर, आणि त्यामागे आई, घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात डाव फिरवत उभी.

"आई, हे काय?"

"शिकरण. तूच तर म्हटलं, शनिवारी मोराबाईची केळी आहे, प्रत्येकानं काहीतरी न्यायचं."

"केळी नाही, केली! केली म्हणजे गाण्याचा कार्यक्रम!"

"मग नीट बोलावं माणसानं. मी म्हटलं, यांच्यात केळ्यांचा सण असतो. नुसती केळी काय न्यायची? बरं दिसते का ते?"

आदल्या दिवशी तिने मैत्रेयीला घेऊन कोपऱ्यावरची डेअरी गाठली होती. (इथे डेअरी म्हणजे वाण्याचं छोटं दुकान.) तिथली सगळी केळी उचलली. दुकानदार तिला घरापर्यंत सोडायला आला, म्हणे.

"तू आजीला सांगायचं नाहीस का?" मी मैत्रेयीला विचारलं.

"डॅड, शी वॉज सो हॅपी," मैत्रेयी म्हणाली.

तर असे आम्ही हॉलवर पोहोचलो. मी, माझी वही, आणि मागच्या सीटवर आईच्या मांडीवर वीस माणसांचं शिकरण. प्रत्येक वळणावर आई ओरडत होती, "हळू! हळू! सांडते!" ट्रॅफिक इंजिनियरला आयुष्यात इतक्या सूचना कोणी दिल्या नसतील.

हॉल भरलेला होता. एका टोकाला बॅगपाइपवाला वाद्य जुळवत होता, दुसऱ्या टोकाला टेबलांवर केक आणि स्कोन. त्यांच्या मधोमध आईने पातेलं ठेवलं आणि त्याच्या रक्षणाला स्वतः उभी राहिली.

कॅलम पहिल्या रांगेत होते. उंच, ताठ, हातात काठी, चेहरा बंद दारासारखा. मोराग त्यांच्याशी गेलिकमध्ये दोन वाक्यं बोलली. ते म्हणाले, "गुड आफ्टरनून, मोराग." संपलं. मग त्यांनी ठरवलं की हॉलमध्ये गार वारा येतोय, आणि उठून खिडकी लावायला निघाले.

"अ वोदिख!" मोराग आपल्या फाटक्या आवाजात ओरडली. खिडकी राहिली. पाच मिनिटांनी ते हीटर सरकवायला उठले. "अ वोदिख!" मग म्हणाले, मी आपला गाडीत जाऊन बसतो. "अ वोदिख! अ वोदिख!"

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे 'ए म्हाताऱ्या'," मोराग म्हणाली. "आता जा, तुझीच पाळी आहे. आणि हे बघ, त्याच्याकडे बघून गा. गाणं त्याच्यासाठी आहे."

मी स्टेजवर चढलो. साठ-सत्तर माणसं समोर. मी आत्मविश्वासाने "किया ओरा!" असा इथला माओरी नमस्कार घातला, वही उघडली, कॅलमच्या डोळ्यांत डोळे घातले, सूर लावला. आणि वहीत बघितलं.

अ वो. टिंब, टिंब, टिंब.

डोक्यात काहीच नाही. कोरी पाटी! दहा दिवस ट्रेनमध्ये घोकलेला शब्द कुठल्या स्टेशनवर उतरला देव जाणे. पण गाणं सुरू झालेलं, तोंड उघडलेलं, आणि 'अ वो'ने सुरू होणारा एक शब्द कानात ताजाताजा घुमत होता. तो आला. मी म्हटला. अर्थाकडे लक्ष न देता, दोन्ही हात कॅलमकडे पसरून, काळजाच्या तळातून म्हटला. गेलिक येणाऱ्यांना ऐकू आलं ते असं:

"ए म्हाताऱ्या! इथे उभा राहा, लाथ मारू नकोस!"

मागे कोणाचा तरी कप बशीवर आपटला. मी पुढे गेलो.

"माझ्यावर रुसू नकोस! ए म्हाताऱ्या, पान्हा सोड!"

हॉलमधल्या सहा-सात गेलिक बोलणाऱ्यांनी रुमाल काढून तोंडाला लावले. त्यांचे खांदे हलू लागले. डोळ्यांतून पाणी! मला ते पाणी दिसलं आणि वाटलं, जिंकलो. गाणं भिडलं! मी पट्टी वर नेली. हे धृपद चार वेळा येतं. दुसऱ्या वेळी गेलिक येणाऱ्यांनी शेजारच्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, शेजारच्यांनी मागच्यांच्या. बातमी रांगेरांगेने मागे सरकत होती आणि जिथे पोहोचेल तिथे माणसं वाकत होती. मी समजलो, इथे नतमस्तक होण्याची पद्धत असेल. तिसऱ्या वेळी मी स्टेजच्या कडेला येऊन एक गुडघा टेकला आणि त्या शहाऐंशी वर्षांच्या गृहस्थांना अत्यंत आर्जवाने विनवलं, "दूध दे!"

मैत्रेयी टेबलाखाली गेली. सुजाता माझ्याकडे बघून हाताने गाडी थांबवतात तशी खूण करत होती. मला ती दाद वाटली.

आणि कॅलम उठले.

चेहरा लालबुंद. काठी टेकत ते थेट स्टेजशी आले. मी गाणं थांबवलं (एकदाचं!), कारण काठी आता माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती. कॅलमनी तोंड उघडलं. एक शब्द, मग अडखळून दुसरा, आणि मग घडाघडा दहा-बारा शब्द आले. इंग्रजी नव्हते ते.

मोराग दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती.

"काय... काय म्हणाले?" मी विचारलं.

ती हसत होती की रडत होती, सांगता येणार नाही. "तो म्हणतोय, 'वोदिख नाही रे गाढवा! वो घू! गाय आहे ती, गाय! आई इथे असती, तर तिने तुला बादली फेकून मारली असती!'"

माझा गुडघा अजून टेकलेलाच होता. तो उचलावा की राहू द्यावा, हे मला सुचेना. पण माझ्याकडे आता कोणी बघतच नव्हतं. पाऊणशेहून जास्त वर्षांनी त्या माणसाने आईची भाषा तोंडात घेतली होती, आणि तीही मला गाढव म्हणण्यासाठी! इतका मोठा मान मला कॉलेजच्या गॅदरिंगमध्येही मिळाला नव्हता.

"हे असं असतं," कॅलम मला इंग्रजीत म्हणाले, आणि गायला लागले.

आवाज फाटका, जाडाभरडा. पण पहिली ओळ आली मात्र, सगळे हसायचे थांबले. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ते थांबले आणि त्यांनी उजवा पाय हळूच पुढे सरकवला.

"बघ! बघ! बादली!" मागून आईचा आवाज आला. तिने टाळीवर ठेका धरला, खंजिरीवर धरावा तसा. धृपदाला ते सहा-सात जण उठून उभे राहिले, मग बाकीचे, आणि 'अ वो घू' असं साठ-सत्तर माणसांनी एका दमात म्हटलं. आईनेसुद्धा! (मी तिच्याकडे बघितलं. तिने दुसरीकडे बघितलं.)

दोन कडवी झाली. मोराग डोळे पुसून टाळ्या वाजवायला निघाली, तर कॅलम थांबले नाहीत. तिसरं कडवं सुरू झालं. कॅसेटवर नसलेलं. मोरागला कधी ऐकल्याचं आठवतही नसलेलं. ती शाळेत जायच्या वयाची झाली, तोवर त्यांची काळी गाय विकली गेली होती आणि आईने त्या गाईच्या वासराचं हे कडवं म्हणणं सोडलं होतं, असं नंतर कळलं.

"लिही!" मोरागचा नसलेला आवाज अचानक परत आला. "मिलिंद, लिही! कोणीतरी लिहा!"

बाकीचे पेन शोधत आणि स्पेलिंगचा विचार करत राहिले. मी वही उलटी केली आणि ऐकलं तसं उतरवलं, ओळीमागून ओळ, कानामात्रेसकट. टिंबं कुठेही दिली नाहीत. त्या कडव्याची पहिली लेखी प्रत आजही देवनागरीत आहे, मोरागच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेली, आणि ती तिला वाचता येत नाही. वाचून दाखवायला मला जावं लागतं. ती ऐकते, बोका उठून जातो.

त्यानंतर कॅलमनी शिकरणाच्या तीन वाट्या घेतल्या. ते गेलिकमध्ये आणि आई वऱ्हाडीत, असे दोघं अर्धा तास गाई-म्हशींबद्दल बोलत बसले होते. हातवाऱ्यांवरून विषय लाथांचा असावा. पातेलं रिकामं झालं. परतीच्या वाटेवर आईने मला एवढंच सांगितलं, "माणूस चांगला आहे. दूध काढायची पद्धत चुकीची आहे त्याची."

मला मात्र एक शोध लागला होता. चुकीचं बोललं की गप्प बसलेला माणूस बोलतो! हे शास्त्र मी दुसऱ्याच दिवशी जेवताना वापरलं.

"मैत्रेयी," मी निरागसपणे म्हणालो, "ती भात इकडे दे."

मैत्रेयीने मान वर न करता भाताचं भांडं सरकवलं. "तो भात," ती म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला. मग तिने वर बघितलं. "अँड आय नो व्हॉट यू आर डूइंग, डॅड."

तरी दोन शब्द आले. दोन शब्द हे दोन शब्द असतात.

महिन्याभराने मोराग फेन्सशी आली. घसा ठणठणीत, हातात एक यादी. पुढच्या वर्षीच्या केलीसाठी तिला माझी गरज होती.

"पण आता तर तुझा आवाज चांगला आहे," मी म्हणालो, आणि आतून फुललो.

"माझं गाणं मीच म्हणणार. तू यांच्यासाठी." तिने यादी पुढे केली. "डनीडिनला माझी एक चुलत बहीण आहे, वांगानुईला ओळखीतले दोघे भाऊ-भाऊ आहेत, आणि तारानाकीत एक विधुर. चौघांनाही गेलिक येतं. चौघेही पन्नास वर्षं गप्प आहेत. प्रत्येकासाठी एक गाणं म्हण."

"नक्की!" मी म्हणालो. "या वेळी कसून तयारी करतो. रोज तासभर रियाज, उच्चारांसाठी एखादा क्लास..."

"नको! नको!" मोरागने घाबरून फेन्सवरून माझा हात धरला. "मिलिंद, मी हात जोडते. सराव करून बिघडवू नकोस!"

मी शब्द दिला आहे. वर्षभर अजिबात सराव करणार नाही. माझ्या गाण्याबद्दल इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी योग्य सल्ला दिला, असं सुजाताचं म्हणणं आहे. आणि ट्रेनमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर आता माणसं बसू लागली आहेत.